सासूबाई, मी आणि तंजावर

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं हा प्रश्न तुमच्याही घरी दरवर्षी निघत असेल. आमच्याकडे तो निघतो आणि चहा संपायच्या आत मिटतोही. एका वर्षी गणपतीपुळे, एका वर्षी नणंदेकडे पुण्याला, आणि बाकीची वर्षं घरीच. कारण ह्यांना रजा मिळत नाही. गेल्या दिवाळीत मात्र मी म्हटलं, "मला तंजावरला जायचंय."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. सासूबाईंचा लसूण सोलायचा हात थांबला. "तंजावर? तिथं आपलं कोण आहे?"

खरं सांगायचं तर नेमकं तेच मला बघायचं होतं. मी मिरजेतल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते, इतिहासाचे तास माझ्याकडे असतात. "व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापन केलं" हे वाक्य मी आठ वर्षं फळ्यावर लिहीत आले. त्याआधी काय, त्यानंतर काय, कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. एक दिवस मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, मग ते परत आले का?" म्हटलं, नाही. "मग त्यांचं पुढं काय झालं?" तेवढ्यात घंटा झाली म्हणून मी वाचले. पण प्रश्न काही मला सोडीना. वाचनालयातून पुस्तकं आणली, रात्री भांडी आवरल्यावर वाचली, आणि शिकवणीच्या पैशांतून थोडे थोडे बाजूला ठेवत गेले.

आता अडचण अशी की सासूबाईंना कितीतरी वर्षांपासून रामेश्वरला जायचं होतं. सासरे होते तेव्हा ते "पुढच्या वर्षी" म्हणत राहिले आणि मग तेच गेले. माझ्या पैशांत एकच काहीतरी बसत होतं. ह्यांना रजा नाहीच. शेवटी ठरलं ते असं: सासूबाई, मी आणि आमची दहा वर्षांची मुलगी, तिघींनी तंजावरला जायचं. "दोन बायका नि एक पोर, एवढ्या लांब?" असं शेजारच्या काकूंनी तीनदा विचारलं. सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत, पण होही म्हणाल्या नाहीत. मुकाट्यानं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी भरली आणि गाडीत खिडकीकडे तोंड करून बसल्या.

आमच्या मिरजेहून बंगळूरची रात्रीची गाडी आहे. सकाळी बंगळूरला उतरायचं आणि संध्याकाळी तंजावरकडे जाणारी गाडी धरायची. मधला सगळा दिवस स्टेशनावर. (तुम्ही जाणार असाल तर वेटिंग रूममध्ये बसायला एक जुनी चादर आणि कुलपाची साखळी जवळ ठेवा.) दुपारी मुलगी कंटाळली, भुणभुण करू लागली. सासूबाई म्हणाल्या, "तरी मी सांगत होते." आणि मी फटकन बोलले, "आई, तुम्हाला यायचं नव्हतं तर राहायचं होतं घरी!" बोलून गेले आणि जीभ चावली. बारा वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत. जपमाळ काढली.

विषय बदलायला म्हणून मी मुलीला दीपाबाईंची गोष्ट सांगू लागले. दीपाबाई म्हणजे व्यंकोजीराजांच्या राणी. व्यंकोजीराजे हे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. १६७५-७६ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतलं. १६७७ मध्ये महाराज दक्षिणेत उतरले तेव्हा दोघा भावांची भेट झाली, पण शहाजीराजांच्या दौलतीच्या वाटणीवरून बिनसलं. तुमच्या-आमच्या घरांत शेताच्या बांधावरून होतं तेच. फक्त इथं बांध कर्नाटकाएवढा होता! भांडण लढाईपर्यंत गेलं आणि मग तह झाला. त्या तहात महाराजांनी बंगळूर आणि आसपासचा मुलूख भावजयीला, दीपाबाईंना, चोळीबांगडीसाठी म्हणून दिला.

"म्हणजे हे बंगळूर? ज्यात आपण बसलोय ते?" मुलीनं विचारलं.

जपमाळ थांबली. सासूबाई फलाटाकडे बघत म्हणाल्या, "तुझ्या आजोबांनी मला दिवाळीला एक इरकल दिलं होतं." आणि हसल्या. तिथं आमचं पहिलं भांडण मिटलं.

पहाटे तंजावरला उतरलो ते धो धो पावसात. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, जी मी शिक्षिका असून विसरले. आपला पाऊस नैर्ऋत्येचा, त्यांचा ईशान्येचा. आपल्याकडे दसऱ्याला आभाळ मोकळं होतं तेव्हा तिकडे पावसाला तोंड लागतं आणि डिसेंबरपर्यंत चालतो. दिवाळीच्या सुट्टीत जाऊच नका. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. उन्हाळ्यात देवळातली फरशी अशी तापते की अनवाणी पाऊल ठेववत नाही. पण पावसाचं एक सुख सांगते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली भातशेतं त्या वेळी हिरवीगार असतात. सासूबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. रिक्षातून भिजत जातानाही त्यांनी "रोपं किती बोटांवर लावलीत बघ" म्हणून मला दाखवलंच.

तो पहिला दिवस लॉजवर गेला. खाली खानावळीत पान मांडलं, सांबार वाढलं. सासूबाईंनी वास घेतला आणि ताकभात मागून घेतला. मी मनात म्हटलं, झालं. चार दिवस ताकभात आणि अबोला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघाड पडली आणि आम्ही मोठ्या देवळात गेलो. तिकडचे लोकही त्याला 'पेरिय कोविल', म्हणजे मोठं देऊळच म्हणतात. पुस्तकातलं नाव बृहदीश्वर. चोळ राजा पहिला राजराज यानं बांधलं, १०१० साली पुरं झालं. आपल्याकडच्या देवळात आपण गाभाऱ्याकडे बघत आत जातो. इथं मान मागे टाकावी लागते. गाभाऱ्यावरचं शिखर तेरा मजल्यांचं, सुमारे २१६ फूट उंच, सगळा ग्रॅनाइटचा दगड. समोरचा नंदी एकाच शिळेतला, माणसाच्या दुपटीहून उंच. तो मात्र चोळांचा नव्हे, नंतरच्या नायक राजांच्या काळातला. १९८७ पासून हे देऊळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

गाईड मंडळी दोन गोष्टी हटकून सांगतात. एक, कळसाची सावली जमिनीवर पडत नाही. दुसरी, वरची घुमटी म्हणजे ऐंशी टनांचा एकच दगड आहे. पहिली गोष्ट आमच्या कन्येनं सकाळी आठ वाजता निकालात काढली: लांबलचक सावली आवारात पसरली होती, ती तिनं पावलांनी मोजायला घेतली. दुसऱ्या गोष्टीबद्दल अभ्यासक म्हणतात की तो दगड अनेक तुकडे जोडून केलेला आहे. मला विचाराल तर जोडलेला असला तरी तेवढ्या उंचीवर नेऊन बसवणं काही कमी नाही. उगीच चमत्काराची फोडणी कशाला?

मला ओढ होती ती भिंतींची. देवळाच्या जोत्यावर, भिंतींवर, खांबांवर तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. आपल्याला एक अक्षर वाचता येत नाही. पण त्यात काय आहे हे मी वाचून गेले होते. राजराजानं हुकूम केला होता की आम्ही दिलेलं दान, आमच्या अक्कानं दिलेलं आणि आमच्या राण्यांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरा. अक्का! त्याची थोरली बहीण कुंदवै. तमिळमध्ये थोरल्या बहिणीला 'अक्का'च म्हणतात. हजार वर्षांपूर्वीच्या सम्राटानं स्वतःच्या दानानंतर लगेच अक्काचं नाव घेतलं, राण्यांचं मागून. तिनं दिलेल्या सोन्याची, दागिन्यांची वजनासकट नोंद आहे.

आणखी एक नोंद आहे ती तर मला पाठ झालीय. देवळाच्या सेवेसाठी राजानं ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे नर्तकी आणून इथं वसवल्या. त्या चारशेजणींची नावं भिंतीवर आहेत. नुसती नावं नाहीत; कोणत्या रस्त्यावर, कोणत्या रांगेत, कितवं घर, ती कोणत्या गावच्या देवळातून आली, हेही. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात. कलम हे धान्याचं माप.

मी हे सांगत होते आणि सासूबाई भिंतीवर बोट ठेवून उभ्या होत्या. "चारशे?" त्यांनी विचारलं. "आणि नवऱ्याचं नाव?"

"नाही आई. देवदासी होत्या त्या. तिचं नाव आणि घर."

त्यांनी आणखी थोडा वेळ त्या दगडावरून हात फिरवला. त्या आयुष्याचा हेवा करावा असं काही नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. त्या बायकांना इथं यायचं होतं का, हे भिंतीवर लिहिलेलं नाही.

मग आम्ही आवाराच्या कडेच्या ओवरीतून निघालो. ओवरीत ओळीनं शिवलिंगं आहेत. नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे आलो आणि सासूबाई एकदम थबकल्या. "अगं, हे आपलं आहे!"

मैत्रिणींनो, हे बघायलाच मी एवढ्या लांब गेले होते, तरी अंगावर काटा आला. सगळीकडे तमिळ, आणि इथं भिंत भरून बाळबोध लिपीतली मराठी. ओळीला ओळ लागून, वरपासून खालपर्यंत. शरभोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा सारा इतिहास इथं कोरून घेतला. मराठीतला हा सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक मानतात. सासूबाई सातवी शिकलेल्या. घरी वाचतात त्या पोथी आणि भाजीच्या पिशवीला गुंडाळलेला पेपर. त्यांनी चष्मा पुसला आणि बोटानं एक एक अक्षर लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. जुनी भाषा, जुनं वळण. पुष्कळ शब्द अडत होते. पण मधेच 'शहाजी' लागलं, 'शिवाजी' लागलं, की आवाज चढायचा. मी आठ वर्षं इतिहास शिकवते, पण मला त्या एका तासात त्यांच्याशेजारी नुसतं उभं राहावंसं वाटलं.

त्यांचा आवाज ऐकून एक बाई जवळ आल्या. कांजीवरम साडी, केसांत मोगरा, बोलल्या ते मात्र मराठी. शब्द आपले, हेल तमिळ, आणि मधे मधे असा एखादा जुना शब्द की जो आपण पोथीत वाचतो. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हीच भाषा बोलतात. शाळेत तमिळ शिकल्या, मराठी लिहिता-वाचता येत नाही. म्हणजे बघा, ज्यांचं ते देऊळ, ज्यांची ती भाषा, त्यांना ती भिंत वाचता येत नव्हती. आणि आमच्या मिरजेच्या सासूबाई ती त्यांना वाचून दाखवत होत्या. दोघी ओवरीत मांडी घालून बसल्या त्या देऊळ दुपारी बंद व्हायची वेळ होईतो उठल्या नाहीत. (हो, दुपारी देऊळ बंद असतं. सकाळी लवकर जा, नाहीतर चार वाजल्यानंतर.)

त्यांनी आम्हाला घरी कॉफीला नेलं आणि जेवायलाच बसवलं. आता तुम्हाला आवडेल ते सांगते. पानात पहिल्यांदा वाढलं त्याला त्या 'डांगर पच्चडी' म्हणाल्या. उडदाच्या डाळीचं भाजून केलेलं पीठ आंबट दह्यात कालवायचं, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी. अहो, म्हणजे आपलं डांगरच की! पापडाच्या वेळी आपण करतो ते. मग आली 'रसवांगी'. कोवळी वांगी चिंचेच्या कोळात शिजवायची, त्यात शिजलेली तुरीची डाळ, आणि धने, हरभऱ्याची डाळ, सुकी मिरची तळून ओल्या नारळाबरोबर वाटलेलं वाटण. हे दोन्ही पदार्थ आता तिथल्या तमिळ घरांतूनही करतात, पण नावं मराठीच राहिली आहेत. आपली लावणीसुद्धा तिकडे जाऊन तमिळ झाली, 'लावणी' याच नावानं.

आणि सांबार? तिथं सगळे सांगतात की तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यात एकदा आमटीसाठी आमसुलं नव्हती, म्हणून चिंच घातली. त्या दिवशी संभाजीराजे पाहुणे होते, म्हणून तिचं नाव सांबार. गोष्ट गोड आहे. पण पुरावा म्हणून कागद काही कुणी दाखवत नाही, म्हणून मी ती वर्गात सांगणार नाही. तुम्ही मात्र जेवताना खुशाल सांगा.

तिसऱ्या दिवशी राजवाडा. मोठ्या अपेक्षेनं जाऊ नका हं. नायकांनी बांधलेला, मराठ्यांनी वाढवलेला हा वाडा बराच पडझडीला आलेला आहे. तरी मराठा दरबाराचे रंगीत खांब बघावेत, आणि चोळांच्या काळातल्या ब्राँझच्या मूर्ती तर चुकवूच नयेत. उभ्या पार्वतीचा तो कमरेतला बाक बघून सासूबाई म्हणाल्या, "साडीच्या निऱ्यासुद्धा ओतल्यात गं!" तिथंच शरभोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, लंडनच्या फ्लॅक्समन नावाच्या शिल्पकारानं केलेला.

या शरभोजीराजांबद्दल मला फार वाटतं. १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहानं कंपनी सरकारनं राज्यकारभार काढून घेतला. हाती उरला किल्ला आणि तनखा. दुसरा एखादा नाचगाण्यात बुडाला असता. यांनी पुस्तकं जमवली. १८२० मध्ये काशीयात्रेला गेले ते येताना हस्तलिखितं घेऊन आले. डोळ्यांचे रोगी तपासून त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून ठेवायला लावली. देवनागरी खिळे पाडून छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत करून १८०६ मध्ये छापल्या. मुंबईत मराठी छापखाने रुळायच्या आधी! वाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय म्हणजे त्यांचीच पुण्याई. सुरुवात नायकांच्या काळातली, पण भरभराट यांची. ताडपत्रं, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी ग्रंथ आणि मोडी दप्तरांची रुमालंच्या रुमालं. पाकशास्त्रावरचं मराठी हस्तलिखितसुद्धा आहे, ज्यात राजाच्या निरनिराळ्या स्वयंपाकघरांतले पदार्थ, अगदी इंग्रजी पद्धतीचेही, लिहून ठेवलेत. मूळ ग्रंथालय अभ्यासकांसाठी असतं. आपल्याला शेजारचं संग्रहालय बघता येतं. आत फोटो काढू देत नाहीत.

आणि शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. शरभोजींचे चिरंजीव शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले. मुलगा नव्हता. कंपनीनं संस्थान खालसा केलं, इतकंच नाही तर राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली, दागिन्यांसकट. तेव्हा राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या कोर्टात जिंकल्या. सरकारनं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात अपील केलं आणि १८५९ मध्ये तिथं त्या हरल्या. हे राज्याचं कृत्य आहे, कोर्टाला त्यात पडता येत नाही, असा निकाल झाला. पुढं काही वर्षांनी खासगी मालमत्ता सरकारनं आपण होऊन राण्यांना परत दिली. १८५७ च्या आगेमागे, पडद्यात वाढलेली एक विधवा, आणि समोर सगळी कंपनी! आपण झाशीच्या राणीचं नाव घेतो, घ्यायलाच हवं. हे नाव मात्र मी बी. ए. होईपर्यंत ऐकलेलं नव्हतं.

संग्रहालयातून बाहेर पडताना अभिप्रायाची वही होती. मी चार ओळी लिहिल्या आणि सवयीनं सही करून वही मिटणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब, मीपण लिहिते." त्यांनी सावकाश लिहिलं, "फार आवडले", आणि खाली नाव. मी बघितलं तर ते नाव मला ओळखूच येईना. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "लग्नात बदललं. ते माझं पहिलं." त्यांचं माहेरचं नाव मी बारा वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. ते इथं लिहायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, म्हणून लिहीत नाही. पण छान नाव आहे.

दुपारी वीणा करणाऱ्यांकडे गेलो. आम्ही मिरजेच्या, घराजवळ सतारमेकरांची गल्ली. पंढरपूरकडचे भोपळे वाळत घातलेले बघत सासूबाईंचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे इथं त्यांची परीक्षा सुरू झाली. भोपळा कुठाय? तर तंजावरी वीणेचा मुख्य तुंबा फणसाच्या लाकडातून कोरून काढतात. चांगली वीणा एकाच ओंडक्यातली असते. पडदे चोवीस, मेणात बसवलेले. आपल्या तंबोऱ्यासारखं काहीच नाही, तरी लाकूड ठोकून आवाज ऐकायची रीत तीच. कारागिरानं ठोकलं, सासूबाईंनी कान दिला आणि मान डोलावली. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता.

संध्याकाळी बारा-तेरा किलोमीटरवरच्या तिरुवैयारूला जाऊन आलो. कावेरीच्या काठी त्यागराजांची समाधी आहे. आमच्या गावचे अब्दुल करीम खाँसाहेब त्यागराजांची कृती गायले होते आणि १९३७ मध्ये दक्षिणेतच, चेंगलपट्टूजवळच्या एका स्टेशनात, त्यांचा देह पडला. म्हणून मिरजकराला ही जागा परकी वाटत नाही. या समाधीचं देऊळ १९२० च्या दशकात बांधलं ते बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेनं, स्वतःची मिळकत घालून. ती देवदासी कुळातली. आणि आराधनेच्या उत्सवात बायकांना गाऊ देत नव्हते! म्हणून तिनं बायकांची वेगळी आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास सगळे गट एकत्र आले, आता पुरुषांच्या मांडीला मांडी लावून बायका गातात. तिची समाधीही तिथंच आहे, त्यागराजांच्या समोर. सासूबाईंनी वेणीतलं एक फूल तिथं ठेवलं.

एक गोष्ट राहिली. राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी अन्नछत्रं बांधली होती, आणि कित्येकांना बायकांची नावं दिली. निडामंगलमला यमुनांबा छत्रम्, ओरत्तनाडूला शरभोजींच्या जिवलग मुक्तांबेच्या नावाचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण, आजाऱ्याला औषध, मुलांना शाळा, अशी सोय तिथं असे. ओरत्तनाडू बसनं जवळ आहे. पण शेवटच्या दिवशी पुन्हा पाऊस लागला आणि जाणं झालं नाही. सासूबाई बसस्थानकावरून फलकाकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे रामेश्वरला जाताना हे वाटेतच लागणार." मी काही बोलले नाही, शिकवणीच्या पैशांचा हिशेब मात्र मनात सुरू झाला.

जाणार असाल तर थोडं सामानाचं: सुती साड्या न्या, रेशमी नको. चपला ठेवायला कापडी पिशवी, कारण देवळादेवळांतून काढाव्या लागतात. मुलांसाठी घरचं काहीतरी कोरडं खाणं पहिल्या दोन दिवसांपुरतं; पुढं लागत नाही, इडली सगळ्यांना सोसते. हिंदीवर विसंबू नका, मोडकंतोडकं इंग्रजी आणि हातवारे जास्त उपयोगी पडतात. मान डोलावणारी बाहुली मिळते, ती घ्या. तंजावरची सोनेरी चित्रं मात्र पारखून घ्या, सोन्याच्या वर्खाऐवजी चमकता कागद लावून विकणारे असतात.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "मग, कोण निघालं तिथं आपलं?" सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली ती रात्री अकरापर्यंत. रविवारी त्यांनी तुरीची डाळ शिजवली, सांबाराचा मसाला घातला आणि चिंचेऐवजी मूठभर आमसुलं टाकली. "बघू तरी, त्या दिवशी संपली नसती तर कसं लागलं असतं." ह्यांनी दोनदा मागून घेतलं. मुलगी म्हणाली, आमटीच लागते.